आत्याबाईंचं टोपडं

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला भांडण होतं आणि चौथ्याला तू फोन ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही. फार तर फेकता येतं, आणि तू कागद फेकणाऱ्यांतली नाहीस, हे तुझं कपाट एकदा उघडलेल्या कुणालाही माहीत आहे.

बातमी अशी की तुझा भाऊ थोर निघाला. तुझ्या वॉर्डात, वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या पेट्यांशेजारी, आम्ही महिन्यापूर्वी जे यंत्र बसवलं त्याचा पहिला अहवाल आला. तू तिथली मुख्य डॉक्टर, तुला यंत्र नव्यानं सांगायला नको, पण मला सांगायची हौस आहे. बाळाचे ठोके, श्वास आणि तापमान यांवर ते सतत नजर ठेवतं. अंगात जंतू शिरताहेत असा संशय आला की पडदा लाल होतो, टिंग वाजतं, आणि जवळ असेल त्यानं 'पाहिलं' या बटणाला हात लावायचा. तर ताई, जवळजवळ प्रत्येक इशाऱ्याला तुमच्या लोकांनी डोळ्याचं पातं लवायच्या आत हात लावलाय. दुसऱ्या कुठल्याही हॉस्पिटलात असं झालेलं नाही. साहेबांनी मला मिठी मारली. साहेब पूर्वी गाद्या विकायचे. लोकांना झोपवून झालं, आता जागं करू या, असं म्हणत ते या धंद्यात आले.

मी आयुष्यभर वॉशिंग मशीनची बटणं आखली. प्रत्येक मशीनवर चौदा बटणं, त्यातलं लोक एकच दाबतात, आणि ते कोणतं हे कंपनीला शेवटपर्यंत कळलं नाही. पहिल्यांदाच माझं बटण लोक धावत येऊन दाबताहेत, आणि तेही जीव वाचवायला. मी दोन दिवस जमिनीवर नाही.

मार्चअखेर चाचणी संपते आणि यंत्र ठेवायचं की परत करायचं हे तुमच्या वॉर्डातले लोक मत देऊन ठरवणार, हे मला ठाऊक आहे. पण हा अहवाल बघता मत म्हणजे नुसती औपचारिकता. तू फक्त दोन ओळी कौतुकाच्या लिहून पाठव. साहेबांना त्या भिंतीवर लावायच्या आहेत. विशेषणं मी घालीन.

तुझा,
थोर भाऊ


११ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,

आधी जमिनीवर ये. उतरलास? आता वाच.

ते बटण आम्ही हातानं दाबत नाही, कोपरानं दाबतो. हात धुतलेला माणूस आमच्याकडे कोपरावर जगतो. नळ कोपरानं, दार कोपरानं, हाताला लावायच्या औषधाची बाटली कोपरानं. तू बटण नेमकं कोपराच्या उंचीवर ठेवलंस, त्याबद्दल सगळ्यांनी तुला दुवा दिलाय. टिंग झालं की जाता जाता कोपर मारायचं, मान वळवायची गरज नाही. तुझा अहवाल आहे ना, तो आमच्या कोपरांच्या चपळाईचा अहवाल आहे. तो भिंतीवर लाव, आमची हरकत नाही.

यंत्राला तुम्ही 'दक्ष' असं काहीतरी नाव दिलंय. इथे त्याला आत्याबाई म्हणतात. न बोलावता घरी यायचं, पाळण्यात डोकावायचं, "मला काही हे बरं दिसत नाही" म्हणायचं, आणि काय बरं दिसत नाही ते मात्र सांगायचं नाही. मी तुझ्या लेकीची सख्खी आत्या असल्यामुळे हे नाव मला झोंबतं, पण अन्याय आहे असं म्हणता येत नाही. परवा आत्याबाईंनी एका बाळाला बहात्तर मार्क दिले. बहात्तर काय? बटाटे? चांगले की वाईट? जास्त असले की वाईट, हे मला पुस्तिकेच्या विसाव्या पानावर सापडलं. जिथे जास्त मार्क म्हणजे नापास, अशी शाळा तूच काढू शकतोस.

आणखी एक. गेल्या आठवड्यात कुणीतरी एका पडद्यावर लोकरीचं टोपडं चढवलं. बाळांना घालतो तसलंच, फक्त मोठं. दिवसा आम्ही पेट्यांवर जाड कापड घालून अंधार करतो, कारण या पोरांनी अजून पोटातच असायला हवं होतं, आणि तुझा पडदा भर दुपारी लाल होऊन त्यांच्या तोंडावर उजेड पाडतो. आता एकूण सहा टोपडी झाली आहेत. वॉर्ड गोजिरा दिसतो.

पण ठोंब्या, हसून झालं असेल तर पुढचं नीट वाच. मला हे यंत्र हवंय. ते हॉस्पिटलच्या समितीकडून मागून घ्यायला मी किती खुर्च्या झिजवल्या ते तुझ्या भाऊजींना विचार. या एवढ्याशा पोरांत जंतू शिरतात ते पायातलं काढून, चोरपावलांनी. ताप येत नाही, रडणं नाही. आपल्याला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. कळायच्या आधी काही तास ठोक्यांत बारीक फरक पडतो आणि तो माणसाच्या डोळ्याला दिसत नाही, हे खरं आहे. तुझ्या यंत्राला तो दिसतो. म्हणजे माहिती आहे, पण ती टोपड्याखाली आहे. मार्चअखेर वॉर्डानं हे परत केलं तर समिती पुढची कित्येक वर्षं मला दारात उभं करणार नाही.

इथे ये. आठवडाभर राहा. सादरीकरण आणू नकोस.

ताई

ता.क. वहिनीला सांग, लोकर पोचली. चांगली आहे.


१५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून मी एक पूर्ण दिवस दुःखी होतो. बायकोनं विचारलं काय झालं, मी म्हटलं कोपर. ती म्हणाली शेक घे.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना मला उपाय सुचला आणि मी ओल्या डोक्यानं ऑफिसात गेलो. असा काही झकास उपाय आहे की यायची गरजच उरली नाही. अडचण काय आहे? लोक न वाचता बटण दाबतात. तर बटण काढूनच टाकलं. आता इशारा आला की पडद्यावर सात कारणांची यादी येईल: 'रक्त तपासणीला पाठवलं', 'डॉक्टरांना कळवलं', 'बाळ नुकतंच हलवलं' वगैरे. कारण निवडल्याशिवाय इशारा जाणार नाही. अक्षरं बारीक ठेवलीत, म्हणजे कोपर चालणार नाही, बोटच लागेल, आणि बोट लागलं की डोळा आपोआप तिकडे वळेल. आमच्या लोकांनी दिवसरात्र एक करून सोमवारी ही नवी आवृत्ती तुमच्याकडे पाठवायची ठरवलीय. साहेब म्हणाले, माणसाला शिस्त लावणारं यंत्र. त्यांनी मला पुन्हा मिठी मारली. आता मला ती नकोशी होत चाललीय, पण कामाचा भाग आहे.

टोपडं कुणी घातलं ते मी ओळखलं. तुमच्या मोठ्या सिस्टर. यंत्र बसवलं त्या दिवशी मी पडद्यावरून तासभर माहिती दिली, शेवटी काही शंका आहेत का विचारलं, तेव्हा त्या बाईंनी एकच शंका विचारली: "हे बंद कुठून होतं?" ज्या बाईच्या मनात पहिला प्रश्न हा येतो, तिच्या पिशवीत लोकर असणारच. त्यांना माझा नमस्कार सांग आणि सांग की विणकाम छान आहे, पण विज्ञान टोपड्याखाली राहत नसतं.

तुझा भाऊ


२४ फेब्रुवारी

ठोंब्या,

आशीर्वाद या वेळी शिल्लक नाहीत.

तुझ्या यादीतलं पहिलं कारण आहे 'रक्त तपासणीला पाठवलं'. पहिलं असल्यामुळे सगळे तेच दाबतात. त्यामुळे आत्याबाईंची समजूत झाली की वॉर्डातल्या प्रत्येक बाळाचं रक्त दिवसातून चारदा काढलं जातंय. मग त्या रिपोर्ट मागायला लागल्या. रिपोर्ट नाही म्हटल्यावर त्यांनी प्रयोगशाळेला हलगर्जीपणाबद्दल सूचना पाठवली. प्रयोगशाळेतले लोक आमच्यावर धावून आले. या पोरांच्या अंगात सगळं मिळून चहाच्या कपात मावेल एवढं रक्त असतं. ते रोज चारदा काढणारा वॉर्ड म्हणून आता आम्ही साऱ्या इमारतीत प्रसिद्ध आहोत.

शिवाय बारीक अक्षरं वाचायला ओल्या हातानं चष्मा काढावा लागतो, आणि चष्म्याला हात लावला की हात पुन्हा धुवावे लागतात. तू माणसाला शिस्त लावली नाहीस, हात धुवायला लावलंस.

काल मोठ्या सिस्टरनी एकेक यंत्र धरून भिंतीकडे तोंड करून उभं केलं, वर्गात गडबड करणाऱ्या पोराला करतात तसं. मी बघितलं आणि अडवलं नाही. मत आजच घेतलं असतं तर तू हरला असतास आणि मीही हरले असते.

येतोस, की गाडी पाठवू यंत्रं न्यायला?

ताई


१६ मार्च

प्रिय ताई,

घरी पोचलो. बायको म्हणते मी आल्यापासून घरात बोलतोय कमी आणि उभा राहतोय जास्त. तुमच्या वॉर्डानं मला उभं राहायला शिकवलं, त्याचं वळण अजून अंगातून गेलेलं नाही.

तू पहिल्या दिवशी मला मोठ्या सिस्टरच्या हवाली करून निघून गेलीस, तेव्हाचं तुला माहीत नाही, म्हणून सांगतो. त्यांनी माझं घड्याळ काढलं, अंगठी काढली, बाह्या वर करायला लावल्या आणि हात धुवायला पाठवलं. धुऊन आलो. पुन्हा पाठवलं. लॅपटॉप कुठे ठेवू विचारलं तर म्हणाल्या, तुमच्या गावी. मी खुर्चीवर बसायला गेलो, तर ती आयांची खुर्ची, बाळाला छातीशी घेऊन बसायची. मग मी खांबाशेजारी उभा राहिलो. तासाभरानं त्या आल्या आणि मला गुडघ्यावर बसायला सांगितलं. मला वाटलं माफी मागायची आहे. मागितलीही. त्या म्हणाल्या, "माफी नको, मान इकडे करा." त्यांनी माझं डोकं पेटीतल्या उशीच्या उंचीला आणलं आणि यंत्र चालू केलं. ताई, तो लाल उजेड सरळ माझ्या डोळ्यांत घुसला. वर्षभर मी हा पडदा डॉक्टर काय बघेल, सिस्टर काय बघेल, साहेब काय बघतील असा विचार करून आखला. त्याच्याकडे सगळ्यात जास्त वेळ कोण बघत असतं, हे मला गुडघ्यावर बसल्यावर कळलं.

तिथून माझं डोकं जे सुटलं ते अजून थांबलेलं नाही. सांगतो.

तुम्ही बाळाला सारखा हात लावत नाही, हे मला माहीतच नव्हतं. हात लावायची वेळ ठरलेली. तेव्हाच दुपटं, तेव्हाच दूध, तेव्हाच ताप बघणं, तेव्हाच कूस बदलणं, सगळं एकदम उरकायचं आणि पुन्हा कापड ओढून झोपू द्यायचं. आणि माझं यंत्र टिंग करायचं ते नेमकं या दोन वेळांच्या मध्ये, जेव्हा कुणी पेटी उघडणार नसतं. श्वास थांबला, रंग बदलला तर ओरडायला तुमचा जुना मॉनिटर आहेच. त्याची जागा मी घेऊ नये. माझ्याकडची बातमी तासांची आहे, क्षणांची नाही. ती मी क्षणासारखी ओरडत होतो.

दुसरं, पाळी बदलताना. जाणारी सिस्टर आणि येणारी सिस्टर पेटीवर वाकून बोलतात ते मी खांबामागून चोरून ऐकलं. याला डावी कूस आवडते. याची आई येऊन गेली. ही आज दूध ओकली नाही. हा जरा गप्प आहे. दरवेळी त्या बाळाची तुलना त्याच बाळाच्या कालच्या दिवसाशी होते. आणि मी त्याची तुलना कधी न पाहिलेल्या हजारो बाळांशी करून वर मार्क देत होतो. ज्याचं नाव अजून ठेवलं नाही, त्याचा निकाल मी लावत होतो.

म्हणून आता सगळं पुसून नव्यानं आखलंय. मार्क नाहीत. लाल नाही. टिंग नाही. आत्याबाई पाळी बदलताना आणि हात लावायच्या वेळी बोलणार, आणि एका वाक्यात बोलणार: काल असं होतं, आज असं आहे, अमुक वेळेपासून. बाजूला काल आणि आजच्या ठोक्यांच्या दोन रेघा. खाली तीन रुंद पट्ट्या: 'नेहमीसारखं', 'जरा गप्प', 'बरं वाटत नाही'. सिस्टरनी आपलं मत द्यायचं. पट्ट्या कोपरानं दाबता येतील एवढ्या रुंद. कोपराशी मी यापुढे वैर धरणार नाही. आणि मत पटलं नाही तर आत्याबाई नम्रपणे म्हणणार, मला वेगळं वाटतंय, एकदा बघाल का.

साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, इशारे किती होतील? म्हटलं, पूर्वी शंभर व्हायचे तिथे चार-पाच. ते म्हणाले, मग यंत्र काम करतंय हे लोकांना कळणार कसं? मी वॉर्डात उभं राहून काय काय बघितलं ते सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मिठी मारली नाही. ठीक आहे, म्हणाले, शेवटचा प्रयोग करा. मार्चअखेर यंत्रं परत आली तर वॉशिंग मशीनच्या खात्यात एक जागा रिकामी आहे, तिचंही बघून ठेवा. हे तुला सांगणार नव्हतो. मत देताना विसरून जा.

आता शेवटचा मुद्दा. त्या टोपड्याबद्दल मी मोठ्या सिस्टरची पाय धरून माफी मागणार होतो. निघायच्या दिवशी मी ते हातात घेऊन नीट पाहिलं. कडेची शेवटची ओळ इतकी घट्ट होती की पडद्याचा कोपरा त्यात अडकून बसला होता. अशी शेवटची ओळ घट्ट ओढणारी बाई मी जगात एकच पाहिलीय. माझ्या शाळेतल्या निळ्या स्वेटरचा गळा आठव. घालताना कान राहतात की जातात अशी पैज लागायची. वहिनीनं पाठवलेली लोकर चांगली होती म्हणालीस, नाही का?

तुझा, दोन्ही कान शाबूत असलेला,
भाऊ


२२ मार्च

चि. ठोंब्यास,

त्या स्वेटरबद्दल मला एवढंच म्हणायचंय की तुझे कान तेव्हाही गरजेपेक्षा मोठेच होते. बाकी मुद्द्यावर मी टिप्पणी करणार नाही. पहिलं टोपडं कुणी का विणलं असेना, उरलेली पाच ज्यांनी विणली त्यांचा त्यात काही दोष नाही.

नवी आवृत्ती येऊन चार दिवस झाले. पहिला दिवस सगळे यंत्राकडे बघत बसले, कारण ते काही बोलेना. दुसऱ्या दिवशी एकीनं वायर हलवून बघितली. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, आत्याबाई रुसल्या. तिसऱ्या दिवशी पाळी बदलताना पहिलं वाक्य आलं: काल ही बाळी दुपारी जास्त दमत होती, आज कमी दमतेय. म्हणजे चांगली बातमी. ती सिस्टर मला शोधत आली. आत्याबाई चांगलं बोलल्या, म्हणे. तुझं यंत्र बरं झालेलंही सांगतं, हे तू मला कळवलं नव्हतंस. तुला तरी ठाऊक होतं का?

तक्रारी लिहून घे. एक: 'जरा गप्प' ही पट्टी मधली आहे आणि कोपर मधेच पडतं, त्यामुळे परवा अख्खा वॉर्ड जरा गप्प होता. पट्ट्यांमध्ये अंतर ठेव. दोन: उजेड कमी झालाय, पण एका बाजूनं अजून पेटीत पडतो. त्यावर मोठ्या सिस्टरनी तोडगा काढला. ते पहिलंच टोपडं पुन्हा पडद्यावर चढवलं, पण पुढून दुमडून, छज्ज्यासारखं. आता उजेड वाचणाऱ्याच्या तोंडावर पडतो आणि बाळ अंधारात. कडेची ओळ घट्ट असल्यामुळे ते अजिबात सरकत नाही. हे वाक्य पुन्हा वाच.

तीन: खरी तक्रार. अजून काहीच घडलेलं नाही. देवाच्या कृपेनं वॉर्डात सगळी पोरं ठीक आहेत, आणि मी डॉक्टर असून मनातल्या मनात म्हणते की आत्याबाईंना काही करून दाखवायची संधी मिळायला हवी, आणि मग स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावीशी वाटते. एकतीस तारखेला मत आहे. सिस्टर म्हणतात, बाई चांगली आहे, शांत आहे, पण हिचा उपयोग काय?

मोठ्या सिस्टर स्वतः काय मत देणार ते कुणाला सांगत नाहीत. मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही त्याच्या बहीण, तुम्हाला सांगणं बरं नाही."

ताई


२ एप्रिल

चि. ठोंब्यास, उशीर झाला, कारण हे पत्र मी तीनदा लिहायला बसले आणि तिन्हीदा उठून पैलवानाला बघायला गेले.

पैलवान तुला आठवत असेल. खिडकीजवळच्या पेटीतला, वॉर्डातला सगळ्यात लहान, म्हणून पैलवान. पेटीत हात घातला की लाथ मारतो. तू त्याला एक बोट दाखवलं होतंस आणि त्यानं त्यावरही लाथ उगारली होती.

एकोणतीस तारखेच्या दुपारी पाळी बदलत होती. जाणारी सिस्टर म्हणाली, दूध पचलं, ताप नाही, मस्त झोपलाय. येणाऱ्या होत्या मोठ्या सिस्टर. त्यांनी नजर टाकली, रंग छान, श्वास छान, आणि कोपरानं 'नेहमीसारखं' दाबलं. पुढच्या पेटीकडे निघाल्या. तेवढ्यात छज्ज्याखाली वाक्य उमटलं: मला वेगळं वाटतंय. काल ठोके कमीजास्त होत होते, आज सकाळपासून ते एकसुरी झालेत. एकदा बघाल का.

निरोगी पोराचे ठोके घड्याळासारखे नसतात, अंगणात खेळणाऱ्या पोरासारखे असतात, कधी पळत, कधी रेंगाळत. ते घड्याळासारखे झाले की घाबरायचं. पण आकड्यात ते दिसत नाही. मॉनिटरवर ठोक्यांचा आकडा अगदी छान होता. त्या दोन रेघांत मात्र दिसलं. कालची रेघ खडबडीत, आजची इस्त्री केल्यासारखी.

मोठ्या सिस्टर परत फिरल्या. मला नंतर म्हणाल्या, आधी त्यांना रागच आला होता, एवढ्या वर्षांत त्यांच्या 'नेहमीसारखं' वर कुणी शंका घेतली नव्हती. हात लावायची वेळ होतीच. त्यांनी हात आत घातला. पैलवानानं लाथ मारली नाही. पाय उचलून सोडला, तो तसाच खाली पडला.

मला बोलावलं. मी तपासलं, आणि खरं सांगते, मला काही सापडलं नाही. पोट मऊ, रंग चांगला. दूध पिऊन सुस्तावला असेल, तासाभरानं बघू, असं मी म्हटलं. यंत्रासाठी समितीशी भांडलेली मी. मोठ्या सिस्टर पेटी आणि दार यांच्या मध्ये उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, मी चुकले ते हिनं सांगितलं. आता तुम्ही चुकताय ते आम्ही दोघी सांगतोय."

रक्त घेतलं, आणि रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रिपोर्ट आला. जंतू होते. तासभर थांबलो असतो तर काय झालं असतं ते मी लिहिणार नाही, तुझ्या बहिणीला झोप यायला हवी. परवा सकाळी मोठ्या सिस्टरनी हात आत घातला तर त्यानं लाथ मारली. त्यांनी तो हात मुद्दाम पुन्हा आत घातला आणि पुन्हा लाथ खाल्ली. त्याची आई खुर्चीवर बसून हसत होती आणि डोळे पुसत होती. ती म्हणाली, मारू दे त्याला.

आता मत. हातमोज्यांच्या रिकाम्या खोक्यात चिठ्ठ्या टाकल्या. एक सोडून सगळ्या चिठ्ठ्या सरळ होकाराच्या निघाल्या. ती एक चिठ्ठी नकाराची नव्हती, तिच्यावर 'ठेवा, पण पट्ट्यांत अंतर' असं होतं, म्हणून मोजणाऱ्यानं ती बाजूला काढली. तक्रार मी तुला आधीच कळवली आहे. लाज वाटू दे. मोठ्या सिस्टरचं अक्षर सगळ्यांना ओळखू येतं. त्यांनी लिहिलं होतं: 'राहू द्या. माझं चुकलं की असंच सांगत जा म्हणावं.'

वॉशिंग मशीनचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. मत देताना विसरूनही गेले होते. हे तुला खरं वाटणार नाही, पण पैलवानाच्या पायाकडे बघताना तुझी नोकरी आठवत नव्हती.

ये एकदा. सादरीकरण आणलंस तरी चालेल. ऐकणार नाही, पण चालेल.

ताई


१९ एप्रिल

प्रिय ताई,

तुझं पत्र मी ऑफिसात उभ्यानं वाचलं, आणि पैलवानाचा पाय खाली पडला तिथे बसलो. मग उभा राहून बाकीचं सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. आमच्याकडचे आकडेमोड करणारे लोक, जे एरवी कुणाकडे मान वर करून बघत नाहीत, ते टेबलाभोवती गोळा झाले. एकानं विचारलं, लाथ डाव्या पायानं मारली की उजव्या? कळव. त्यांना पाहिजे आहे.

पट्ट्यांमध्ये अंतर ठेवलं. त्याच दिवशी.

साहेबांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी मिठी मारली. या वेळी मी सोडवून घेतली नाही. मग अर्थात ते म्हणाले की हा सगळा विचार पहिल्यापासून त्यांच्याच मनात होता, यंत्रानं कमी बोलावं असं ते गाद्यांच्या काळापासून म्हणत आलेत. असू दे. त्यांनी आणखी चार हॉस्पिटलांचं काम घेतलंय, आणि प्रत्येक ठिकाणी पहिला आठवडा माणसानं नुसतं उभं राहायचं, असं करारातच घातलंय. पडद्यावरचा छज्जा आता कारखान्यात बनतो. साहेबांनी त्याला तीन शब्दी भारदस्त नाव दिलंय. कारखान्यात सगळे त्याला टोपडंच म्हणतात. साच्याला घट्ट कड ठेवा असं मी बजावून सांगितलंय. कारण विचारलं, तेव्हा म्हटलं, घरचं तंत्र आहे.

त्यामुळे जुन्या टोपड्याचं काम संपलं. काल मोठ्या सिस्टरकडून पुडकं आलं. आत ते, धुऊन, घडी घालून, आणि सोबत एक ओळ: 'आता आम्हाला लागत नाही. तुमच्या साहेबांच्या डोक्याला बसतं का बघा.'

साहेबांच्या डोक्याला बसलं नाही. शेवटची ओळ घट्ट आहे.

म्हणून मी ते माझ्याकडेच ठेवलंय. परवा नव्या हॉस्पिटलातून एका डॉक्टरांचा फोन आला, त्यांचा वॉर्ड वेगळा आहे, तिथे वेगळं काही लागेल. त्यांचं बोलणं चालू असतानाच मला एकदम झकास कल्पना सुचली, इतकी झकास की हात शिवशिवायला लागले. मी फोन ठेवला, पडदा उघडला, पहिली रेघ मारली. मग टोपडं उचललं, माझ्याच पडद्यावर पार खालपर्यंत ओढून घातलं, आणि त्यांच्या वॉर्डात उभं राहायला निघालो.

तुझा भाऊ